मोहावरचा भोंगा

माणसानं माणसाशी बोलण्यासाठी आजवर जितके शोध लावले, त्या सगळ्यांच्या मुळाशी माणसाचं माणसावरचं प्रेम आहे. धामणटोल्यात शालिकराम पुस्तोडेच्या घरी रेडिओ आला तो मात्र समोरच्या घरातला रेडिओ त्याला बघवेना म्हणून.

समोरचं घर गजेंद्र कापगतेचं. दोघं एकाच वर्षीचे, एकाच बाकावर शिकलेले, आणि गेली तीस वर्षं समोरासमोरच्या ओट्यांवर बसून एकमेकांच्या दारात काय नवं उतरतंय यावर नजर ठेवणारे. गजेंद्रनं अंगणात फरशी घातली, तेव्हा शालिकराम महिनाभर मान अवघडल्यासारखा दुसरीकडे बघत त्या घरावरून जात होता. गजेंद्रला दुर्गचा नोकरदार जावई मिळाला, तेव्हा तर बरोबरीचा रस्ताच खुंटला. शालिकरामला मुलगी नव्हती. यात बायकोचा, म्हणजे अन्नपूर्णाचा, हलगर्जीपणा आहे असं त्याचं मत होतं, आणि ते त्यानं एकदाच बोलून दाखवलं होतं.

तो जावई, हिमांशू, नागपंचमीला आला तो दोन रेडिओ घेऊन. गाणी ऐकायचे नव्हेत, बोलायचे. त्यांना सीबी म्हणतात. हातात मावेल एवढा डबा, वर एक काडी. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. टॉवर लागत नाही, लायसन लागत नाही. कोहमाऱ्याच्या चौकातून जंगलाकडे वळल्यावर मोबाइल फक्त वेळ बघायला उरतो, त्यामुळे धामणटोल्यात या डब्यांचं कौतुक न होतं तरच नवल. एक डबा गजेंद्रनं स्वतःकडे ठेवला, दुसरा पुनारामला दिला. पुनाराम म्हणजे गावाचा पाणकर. तलावाच्या पाळीवर झोपडीत राहायचा. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती पाणी जायचं ते त्याच्या हातात.

तेव्हापासून रोज संध्याकाळी गजेंद्र ओट्यावर उभा राही, डबा तोंडाशी धरी आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "पुनाराम, पानी किती आहे? ओव्हर." मग डबा कानाला घट्ट लावून डोळे मिटी, मान हलवी आणि जमलेल्यांना सांगे, "भरपूर आहे म्हनते."

पाणी भरपूर आहे हे नुसतं पाळीवर चढलं तरी दिसत होतं. पण ते 'ओव्हर' लागल्यावर त्या पाण्याला जी खोली यायची ती काही वेगळीच. शालिकरामच्या घशाखाली त्या वेळी घास उतरत नसे. बारावीला गजेंद्रला इंग्रजीत त्याच्यापेक्षा एक मार्क कमी होता. ओव्हर म्हणायचा अधिकार कुणाचा, हे गुणपत्रिकेवरून कोणीही सांगितलं असतं.

तरीही हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण मग गोष्ट 'सोड'वर आली.

धामणटोल्याचा तलाव पुस्तोड्यांच्या पूर्वजानं बांधला. पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडूम म्हणतात. आश्विनात पाऊस मागे फिरतो आणि धान लोंब्या धरून निसवायला लागतं, तेव्हा एका सकाळी गाव पाळीवर जमतं, पुस्तोडे घरातला कर्ता पुरुष नारळ फोडतो आणि एकच शब्द म्हणतो, "सोड." पाणकर तुडूम उघडतो आणि पाणी नहरानं खालच्या बांध्यांत जातं. या एका शब्दावर पुस्तोडे घराणं चार पिढ्या ताठ मानेनं चाललं होतं. शालिकरामचे वडील तर तो शब्द म्हणायच्या आदल्या दिवशी आंबट खात नसत.

यंदा पाणी वापर संस्थेच्या बैठकीत अध्यक्ष सुशिलाबाईंनी नवीनच काढलं. त्यांची शेती नहराच्या अगदी टोकाला, त्यामुळे त्यांच्या जिभेला सगळ्यात शेवटी पाणी मिळणाऱ्यांची धार होती.

"शालिकभाऊ दरसाल पाळीवरून सोड म्हनते, अन् आमाले खाली पानी पायाले लागल्यावर समजते का म्हटलं म्हनून," त्या म्हणाल्या. "यंदा मांडव खाली माया बांधीपाशी टाकू. तालुक्याचे साहेब येऊन राहिले. गजाभाऊ समद्याईच्या समोर रेडिओवर म्हनतील सोड."

"मान पुस्तोड्याईचा आहे," शालिकराम म्हणाला.

"मान तुमचाच आहे ना भाऊ. नारळ तुमीच फोडा. शब्द तेवढा त्याईले म्हनू द्या."

नारळ काय, कोणीही फोडतं. शालिकरामनं गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्रचा चेहरा एकाएकी उतरला होता. "नाई नाई, मी कायले, शालिकलेच म्हनू द्या," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. लोकांना तो विनय वाटला. शालिकरामला ते नाटक वाटलं, आणि नाटकही चांगलं वठलं याचा जास्त राग आला.

दुसऱ्याच दिवशी गिरणीचा पट्टा आणतो असं सांगून तो रायपूरला गेला. धानाची गिरणी असलेल्या माणसाला घराबाहेर पडायला पट्ट्यासारखं कारण नाही. भंगार बाजारात हिंडून त्यानं एक सीबी सेट मिळवला. गजेंद्रच्या डब्याच्या चौपट मोठा, ट्रकमध्ये बसवायचा, गुंडाळीच्या तारेला लोंबणारा माईक असलेला. विकणाऱ्यानं वर एक भोंगाही हातात कोंबला. "ये भी इसी का है. इसके बिना सेट अधूरा है," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शालिकरामचा बेत सरळ होता. कार्यक्रमाच्या दिवशी नारळ फोडून आपण घरी सटकायचं. गजेंद्र डबा तोंडाशी नेईल, घसा साफ करील, ते सेटवर ऐकू येईल. त्या क्षणाला आपण आपल्या सेटवरून म्हणायचं, "सोड." पुनारामच्या डब्यातून आवाज येईल तो पुस्तोड्याचा. पाणी सुटेल ते पुस्तोड्याच्या शब्दावर. गजेंद्रनं मग मांडवात बसून पाहिजे तितकं ओव्हर म्हणावं.

अडचण एकच आली. सेट मुका निघाला, आणि बहिराही.

लाल दिवा लागत होता. पण ना आतून आवाज येत होता, ना बाहेर जात होता. साधी खरखरसुद्धा नव्हती. शालिकरामनं गिरणीच्या पत्र्यावर अँटिना उभारली. मग ती आणखी उंच केली. ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात आणली. फ्यूज बदलला, मग जुना फ्यूज चांगला होता असं वाटून तोच परत घातला. सेटचं पोट उघडलं तेव्हा आत एक मेलेलं झुरळ सापडलं. दोष सापडल्याच्या आनंदात त्यानं त्या दिवशी दोन वेळा चहा मागितला. झुरळ काढूनही सेट बोलेना, तेव्हा त्यानं आतला प्रत्येक सांधा रॉकेलनं पुसला. सेट तसाच मुका राहिला आणि घराला कंदिलाचा वास सुटला. दर्शनी भागावर एक बारीक खटका होता, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंग्रजी अक्षरं होती. त्याला त्यानं हात लावला नाही. घेतलेली वस्तू विकणाऱ्यानं जशी दिली तशीच ठेवावी, हे तो इंजिनांच्या कामात शिकला होता.

कोहमाऱ्याला विक्की नावाचा एक दुरुस्तीवाला होता. पण विक्की गजेंद्रच्या बायकोचा भाचा. त्याला सेट दाखवणं म्हणजे गजेंद्रच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवणं.

"समोर जाऊन इचारा ना गजाभाऊले," अन्नपूर्णा म्हणाली. "तुमाले सांगतील ते. मानूस चांगला आहे."

ती तलाव विकायला सांगत असल्यासारखं त्यानं तिच्याकडे पाहिलं. माणूस चांगला आहे हे त्यालाही माहीत होतं. तेवढं एक तरी नसायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याची नजर कोपऱ्यातल्या भोंग्यावर गेली आणि डोक्यात एकदम लख्ख झालं. सेट अधूरा होता तो याच्यामुळे. लग्नातला भोंगा बोलतो, कारण त्याच्यामागे मशीन असतं. याच्यामागे मशीन नाही, म्हणजे हा बोलणारा नव्हे, हा ऐकणारा. आकार पाहा, हत्तीच्या कानासारखा. कानच जोडला नाही तर रेडिओ ऐकेल कशानं, आणि जो ऐकत नाही तो बोलेल कसा? जन्माचा बहिरा मुकाच राहतो. इतकी साधी गोष्ट आठवडाभर आपल्या लक्षात येऊ नये याचं त्याला नवल वाटलं.

कान आता आवाजाच्या वाटेत बसवायला हवा होता. गजेंद्र खालच्या शेतातून बोलणार, पुनाराम पाळीवर ऐकणार. म्हणून गावाबाहेर पाळीच्या पार पलीकडच्या टोकाला जे मोहाचं झाड आहे त्यावर शालिकराम स्वतः चढला, भोंग्याचं तोंड खालच्या शेतांकडे करून त्यानं तो फांदीला आवळला, आणि बोअरच्या मोटारीची जुनी केबल कुंपणाकुंपणानं घरापर्यंत ओढत आणली. सेटच्या मागं दोन भोकं होती. भोंग्याची पिन दुसऱ्या भोकात जशी काही माहेरी आल्यासारखी बसली.

पुनाराम खाली उभा राहून बघत होता. "हा कायचा भोंगा लावून राहिले, पाटील?"

"रानडुकराईसाठी," शालिकराम वरून म्हणाला. खरं सांगायची सोय नव्हती.

"डुकरं तं खाली धानात येतात."

"म्हनून तं तोंड तिकडं केलं. इथून आवाज खालपर्यंत जाते."

आठवडाभरात तो जे काही बोलला होता त्यातलं हे एकच वाक्य खरं होतं, आणि ते त्यानं थाप म्हणून मारलं होतं.

सकाळी गाव खाली मांडवाकडे गेलं. नारळ फोडायला अजून अवकाश होता. शालिकरामनं अन्नपूर्णाला गिरणी सुरू करायला सांगितली, म्हणजे त्या घरघरीत आपला आवाज समोर जाणार नाही. माजघराचं दार लावलं. तरी खबरदारी म्हणून डोक्यावरून जाड गोधडी घेतली. माईकचं बटण सारखं दाबून बोट दुखत होतं, म्हणून त्यावर अन्नपूर्णाच्या वेणीचा रबर चढवला. आणि गोधडीच्या अंधारात, लाल दिव्याच्या उजेडात म्हणाला, "हॅलो. हॅलो. पुनाराम, आवाज येऊन राहिला का?"

सेट गप्प.

आता भोंगा ऐकत नाही, बोलतो, हे वाचकांना माहीत आहे. त्या सेटचा तो बारीक खटका एका बाजूला असला की तो रेडिओ असतो. दुसऱ्या बाजूला असला की तो रेडिओ राहत नाही. माईकमध्ये जे पडेल ते भोंग्यातून बाहेर टाकतो, आणि बाकी सगळं बंद करतो. खटका दुसऱ्या बाजूला होता. शालिकरामचा आवाज मोहावरून निघाला, निसवलेल्या धानावरून सरसरत गेला आणि सुशिलाबाईंच्या बांधीपाशी, जिथं मांडवाची शेवटची दोरी बांधली जात होती, तिथं स्वच्छ पोचला.

"डुकराईले हॅलो कायले म्हनून राहिले शालिकभाऊ?" दोरी बांधणारा म्हणाला.

गोधडीखाली शालिकराम खचला होता. शेवटचा उपायही वाया गेला होता. थोड्या वेळात गजेंद्र तो शब्द म्हणणार आणि आपण नारळाची शेंडी हातात घेऊन उभे राहणार. मुक्या सेटपुढे बसलेल्या माणसाला एक सोय असते. मनातलं बोलता येतं.

"नाई येऊन राहिला आवाज," तो माईकला म्हणाला. "कुठून येनार? माया घरी काय आलं आजवर? जे येते ते समोर येते. जावई तिकडं. फरशी तिकडं. अन् त्याचे केस पाय बाप्पा. बावन्न वर्साचा मानूस, एक केस पांढरा नाई. लोक म्हनतात रंगवते. मी त्याच्या मांगं उभा राहून बारीक पायलं. नाई रंगवत. तेच तं दुखते."

मांडवात गजेंद्रला खुर्चीवरचा हात हळूच डोक्याकडे नेताना लोकांनी पाहिलं.

"रेडिओ चांगला आनला त्यानं. चांगलाच आहे. वाईट असता तं मले काय होतं? अन् त्याच्या घरची वांग्याची भाजी. गेल्या साली तेरवीले जेवलो, तोंडावरची चव जात नाई. आमच्या घरची भाजी मी वीस वर्सं चांगली म्हनत आलो. कोन खोटं बोलते हे त्या अन्नपूर्णाले काय माहीत."

हे मात्र आता पुरुषांपुरतं राहिलं नव्हतं. दोन बायका गावाकडे लगबगीनं निघाल्या.

मग शालिकरामला वडील आठवले, पाळीवर उभे, शेला खांद्यावर. तो शब्द आता या घरातून कायमचा चालला होता. निदान एकदा तरी तो नीट म्हणून घ्यावा, असं त्याला वाटलं. इथं ऐकायला कोणी नव्हतं. त्यानं गोधडीतच पाठ सरळ केली, घसा खाकरला आणि वडिलांच्याच आवाजात म्हणाला,

"सोड."

मोहाखाली पुनाराम बिडी ओढत बसला होता. आतापर्यंतचं बोलणं त्यानं डुकरांशी चाललं आहे असं समजून कानाआड केलं होतं. पण हा शब्द तो ओळखत होता. दरसाल ऐकला होता, याच आवाजात. यंदा लवकर आला एवढंच. त्यानं बिडी विझवली, उठला आणि तुडूम उघडला.

तलाव भरलेला होता. पाणी नहरात पडलं, आणि नहराच्या टोकाला मांडव होता.

गोधडी ओढली गेली तेव्हा शालिकरामनं पहिल्यांदा पाहिली ती सुशिलाबाईंची गुडघ्यापर्यंत भिजलेली साडी.

"भोंगा बंद कर, भाऊ," त्या म्हणाल्या.

"कोनता भोंगा?"

"तुया डुकराईचा. अर्ध्या घंट्यापासून सारं गाव आयकून राहिलं. खुर्च्या बांधीत तरंगून राहिल्या. सतरंजी गेली. साहेब जीपातून खाली उतरून नाई राहिले." रबर अजून बटणावरच होता, त्यामुळे त्यांचं हे बोलणंही मोहावरून निघून त्यांच्याच शेतात पोचत होतं. "अन् वांग्याची भाजी आवडते तं आवडते, भोंग्यावर सांगायचं काय काम?"

दारात अन्नपूर्णा उभी होती. गिरणी कधी बंद झाली ते शालिकरामला कळलंच नव्हतं. तिनं वांग्यांची टोपली उचलली आणि आत गेली.

खाली जाताना त्यानं मनाची तयारी केली होती. लोक हसतील, साहेब रागावतील, गजेंद्र मोठ्या मनानं गप्प बसेल. मांडवाची कनात ओल्या धोतरासारखी लोंबत होती. लोक बांधावर दाटीवाटीनं उभे होते. तालुक्याचे साहेब पॅन्ट दुमडून एका उलट्या पातेल्यावर बसले होते आणि पाणी सोडलं कोणी, एवढंच विचारत होते.

पुनाराम पुढे झाला. "पाटलानं म्हटलं ना सोड. म्हनून सोडलं. दरसाल तेच म्हनतात."

"पण यंदा तर कापगते म्हणणार होते ना?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी गजेंद्रकडे पाहिलं. रेडिओचा डबा त्याच्या हातात होता. आणि गजेंद्र, ज्याला भर मांडवात पाण्यात बसावं लागलं होतं, हसला. मनापासून, सुटका झाल्यासारखा हसला.

"साहेब, मान पुस्तोड्याईचाच होता," तो म्हणाला. "मी पयलेपासून सांगून राहिलो. शब्द गेला त्याच्याच तोंडून, पानी आलं त्याच्याच शब्दावर. आमाले काई वाईट नाई वाटत."

बांधावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब पातेल्यावरून उठून गजेंद्रचा हात हातात घेऊन म्हणाले की अशी मोठ्या मनाची माणसं गावात आहेत म्हणून गावं टिकून आहेत. सुशिलाबाईंनी लगोलग जाहीर केलं की पुढच्या सालापासून शब्द शालिकभाऊच म्हणेल, भोंग्यावरूनच म्हणेल, म्हणजे टोकापर्यंत ऐकू येईल. फक्त तो एक शब्द म्हणून झाला की माईक त्याच्या हातातून काढून घेण्यात येईल. तेही टाळ्यांत मंजूर झालं.

मान राहिला. चार पिढ्यांचा शब्द घरात राहिला. शालिकरामनं नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि खोबरं वाटताना त्याला सारखं ऐकू येत होतं ते एकच: गजाभाऊचं मन काय मोठं आहे. काय मोठं आहे. पाणी आपण सोडलं, मांडव आपण बुडवला, आणि मोठा झाला तो.

पण इतक्या सहजासहजी त्यानं सोडून कसं दिलं, हे त्याला उमगेना. केबल गुंडाळायला तो मोहाखाली गेला तेव्हा पुनाराम बिडी पेटवत होता. कमरेला पट्ट्यात डबा होता.

"गजेंद्रनं सोड म्हटलं असतं तं यातून कसं आयकू येते रे?" शालिकरामनं विचारलं.

"याच्यातून कायचं येते," पुनाराम म्हणाला. "बंद आहे ना हा. पोळ्यापासून बॅटरी उतरली. इथं लाईट नाई. गजाभाऊच्या घरी चार्ज कराले गेलं का ते बसवून जावयाचं सांगतात. दोन-दोन घंटे. म्हनून जातच नाई मी."

"मंग कमरेले कायले लावला?"

"देवरीच्या बसमध्ये लोक जागा देतात."

शालिकरामनं केबल खाली ठेवली. पोळा होऊन कितीतरी दिवस झाले होते. "गजेंद्रले माहीत आहे का?"

"नाई कसं? बोलतात तेच, आयकतात तेच."

म्हणजे रोज संध्याकाळी तो डबा कानाला लावून, डोळे मिटून, मान हलवत होता ते कशावर, हे शालिकरामला त्या क्षणी कळलं. त्यानं पुनारामला हे दुसऱ्या कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. चांगुलपणा म्हणून नव्हे. गोष्ट फुटली तर चार माणसं पुनारामला पकडून बॅटरी चार्ज करायला लावतील, आणि गजेंद्रचा रेडिओ चालू होईल.

घरी त्या दिवशी वांग्याची भाजी होती. दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशी त्यानं ती न विचारता चांगली आहे म्हटलं, तेव्हा अन्नपूर्णानं ताटात आणखी वाढली. चौथ्या दिवशी तिनं माजघर झाडायला काढलं. रॉकेलचा वास जात नव्हता, म्हणून माईकवरचा आपला रबर काढून घेऊन ती, अजून चालूच राहिलेला, सेट ओल्या फडक्यानं घासून पुसत होती. फडकं त्या बारीक खटक्यावरून फिरलं, खटका पलीकडे गेला, आणि इतके दिवस मुका असलेला सेट एकदम खरखरला.

शालिकराम जेवता जेवता उठला. संध्याकाळ होती. खरखर थांबली आणि त्यातून गजेंद्रचा आवाज आला, जवळ बसून बोलावं इतका.

"पुनाराम, पानी किती आहे? ओव्हर." थोडा वेळ शांतता. बाहेर ओट्यावर गजेंद्र मान हलवत होता ते खिडकीतून दिसत होतं. ऐकणारे आपापल्या घरी गेले. मग आवाज हळू झाला. "पुनाराम, बॅटरी भरून घे बाप्पा. तुले काई नाई सांगत जावयाचं. आयकून राहिला का? नाई आयकून राहिला. कोन आयकते मायं? त्या शालिकचा भोंगा साऱ्या गावानं आयकला. एक शब्द म्हटला अन् तलाव फुटल्यासारखं पानी आलं. मी दोन महिने ओव्हर ओव्हर करून राहिलो, एक बेडूक नाई बोलला. आवाज काय होता त्याचा. अगदी त्याच्या बापासारखा. मले तं जेवन जात नाई."

अन्नपूर्णानं माईक उचलून नवऱ्याच्या हातात दिला. "बोला ना मंग," ती म्हणाली. "आवाज येऊन राहिला."

शालिकरामनं माईककडे पाहिलं. बटण दाबून एक शब्द बोललं असतं, तर गजेंद्रचा रेडिओ चालू झाला असता. त्यानं माईक खुंटीला अडकवला, ताट सेटजवळ ओढून घेतलं आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवला.

आता रोज संध्याकाळी तो तिथंच जेवतो. गजेंद्र बोलत असतो. सेट चांगला आहे. आवाज अगदी स्वच्छ येतो.